गणपती बघायला जाणे : पुण्याच्या पेठांतील आरास, रोषणाई आणि रात्रीची फेरी

गणेशोत्सवाच्या दिवसांत रात्रीची जेवणे लवकर उरकायची आणि घरातल्या लहानथोरांनी मिळून पेठांमधले सार्वजनिक गणपती, त्यांची आरास, विजेची रोषणाई आणि देखावे पाहत मध्यरात्रीपर्यंत पायी फिरायचे, ही पुण्याची जुनी रीत आहे. तिला ‘गणपती बघायला जाणे’ म्हणतात. देवदर्शन हा तिचा एक भाग झाला. मांडवापुढे हात जोडले जातातच, पण पावले रेंगाळतात ती यंदा कोणत्या मंडळाने काय केले आहे हे पाहण्यासाठी. घरी गणपती बसवलेला असतो, दीड किंवा पाच दिवसांचा असेल तर त्याचे विसर्जनही झालेले असते, आणि तरीही गावातले गणपती पाहिल्याखेरीज उत्सव पुरा झाला असे वाटत नाही.

या फेरीचे एक पंचांग आहे. पहिले दोन-तीन दिवस घरचा गणपती, नातलगांकडे जाणे-येणे आणि गौरींची तयारी यांत जातात. मंडळांचेही तेव्हा पुरते आवरलेले नसते. प्रतिष्ठापना झाली तरी पडद्याआड सुतारकाम आणि वायरिंग चालू असते. गौरी उठल्या की घरातल्या बायका मोकळ्या होतात, आणि साधारण त्याच सुमारास बहुतेक देखावे खुले होतात. मग गर्दी वाढत जाते, शनिवार-रविवारी रस्त्यात मावत नाही आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या दोन रात्री कळसाला पोचते. घरातल्या बायकांची सवड आणि देखाव्यांची सुरुवात यांची ही सांगड कोणी ठरवून घातलेली नाही, पण ती पक्की बसली आहे.

सार्वजनिक गणपती महाराष्ट्रात गावोगावी आहेत, मग देखाव्यांचे वेड पुण्यातच इतके का वाढले? एक कारण मूर्तींमध्ये आहे. मुंबईत दरवर्षी नवी आणि बहुधा उंच मूर्ती घडवण्याकडे मंडळांचा ओढा राहिला. तिथे लोक मूर्ती पाहायला जातात. पुण्यातल्या अनेक नामांकित मंडळांची मोठी मूर्ती मात्र कायमची असते. भाऊसाहेब रंगारी गणपतीची दैत्याचा संहार करणारी मूर्ती आरंभापासून तीच आहे. झोपाळ्यावर बसलेले मंडईचे शारदा-गजानन, १९६८ पासूनची दगडूशेठ हलवाई गणपतीची आजची मूर्ती आणि १९७५ मध्ये फायबरमध्ये घडवलेली तुळशीबागेची मूर्ती यांची रूपे पुणेकरांना पाठ आहेत. विसर्जन होते ते पूजेच्या छोट्या मूर्तीचे. देव तोच राहणार असल्यामुळे दरसाल नवे काही करायला जागा उरते ती त्याच्या भोवती. मंडळांची कल्पकता, वर्गणीचा मोठा हिस्सा आणि कार्यकर्त्यांचे महिना-दीड महिन्याचे जागरण या भोवतालावर खर्च होत आले.

दिवे पाहायला रात्री घराबाहेर पडण्याची हौस सार्वजनिक उत्सवाहून जुनी आहे. पेशवाईत शनिवारवाड्याच्या गणपती रंगमहालात गणेशोत्सव थाटाने होई; कीर्तने, गाणी-बजावणी, हंड्या-झुंबरांचा लखलखाट असा तो दरबारी सोहळा होता. नगरातल्या सामान्य माणसाचे दिवे देवळांत असत. त्रिपुरी पौर्णिमेला पर्वतीवर आणि पेठांतल्या देवळांत दीपमाळा उजळत, आणि पणत्या लावायला व पाहायला बायका-मुले जात. ही प्रथा आजही टिकून आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतले महाल जळाले आणि दरबारी रोषणाईची जागाच उरली नाही.

एकोणिसाव्या शतकात पुण्याची सर्वांत मोठी रात्रीची मिरवणूक मोहरमची असे. ताबूत पाहायला हिंदू कुटुंबे मोठ्या संख्येने जात, इतकेच नव्हे तर कित्येक हिंदू स्वतः ताबूत बसवत आणि ताबुतांपुढे गाणारे-नाचणारे मेळे काढत. सजवलेली, दिव्यांनी उजळलेली वस्तू रस्त्यावर मांडायची आणि गावाने ती रात्री फिरून पाहायची, ही सवय पुण्याला तिथे लागलेली होती. १८९३ च्या मुंबईतील हिंदू-मुसलमान दंगलीनंतर आणि १८९४ मध्ये पुण्यात झालेल्या तंट्यानंतर हिंदूंचा हा सहभाग आटला. सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तो याच काळात, आणि मेळ्यांसारखी त्याची काही अंगे मोहरमवरून आली, असे इतिहासकारांनी दाखवले आहे. हा भाग उत्सवाच्या गौरवपर वर्णनांतून बहुधा गळतो. तो गाळला तर रस्त्यावरचा उत्सव पाहण्याची ही तयार सवय एकाएकी कुठून आली, हे समजत नाही. गुरुजी तालीम गणपतीच्या आरंभीच्या मंडळींत हिंदू आणि मुसलमान अशी दोन्ही नावे सांगितली जातात, त्याचा अर्थही या पार्श्वभूमीवर उलगडतो.

पुण्यातील सार्वजनिक गणपतीची सुरुवात भाऊ लक्ष्मण जावळे ऊर्फ भाऊसाहेब रंगारी, कृष्णाजीपंत खासगीवाले आणि गणेश नारायण घोटवडेकर यांच्या नावांशी जोडलेली आहे. खासगीवाले ग्वाल्हेरचा दरबारी उत्सव पाहून आले होते. रंगारी मंडळ आपला आरंभ १८९२ चा मानते. १८९३ मध्ये ‘केसरी’ने या उपक्रमाचे स्वागत केले आणि १८९४ पासून लोकमान्य टिळकांनी त्याला व्यापक रूप दिले. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती म्हणून विसर्जन मिरवणुकीत या क्रमाने निघतात. टिळकांचा गणपती आधी विंचूरकर वाड्यात बसे. १९०५ पासून तो गायकवाड वाड्यात, म्हणजे आजच्या केसरीवाड्यात आला.

त्या पहिल्या वर्षांत पाहण्यापेक्षा ऐकण्याला महत्त्व होते. व्याख्याने, कीर्तने आणि मेळ्यांची पदे ऐकायला लोक जमत. गणपती बसे तो बहुधा वाड्याच्या चौकात, देवळात, तालमीत किंवा एखाद्या पेढीच्या ओट्यावर. प्रकाश समयांचा, हंड्यांचा, भिंतीवरच्या दिव्यांचा. मिरवणुकीत पलिते आणि पुढे गॅसबत्त्या. चौकात पुरुष सतरंजीवर बसत आणि बायका माडीवरून, पडवीतून किंवा वेगळ्या राखलेल्या जागेतून ऐकत. सगळ्या घराने एकत्र हिंडावे असे या कार्यक्रमांचे रूप नव्हते. एका जागी बसून दोन-तीन तास ऐकायचा कार्यक्रम आणि चालत चालत दहा ठिकाणे पाहायची फेरी यांच्यातला फरक मोठा आहे, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे पुण्याचा गणेशोत्सव हळूहळू पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत गेला.

मेळे या दोहोंच्या मधले होते. एकेक मेळा रात्रीतून अनेक गणपतींपुढे हजेरी लावी आणि त्याच्या मागे श्रोतेही या पेठेतून त्या पेठेत जात. राजकीय पदांमुळे सरकारची नजर मेळ्यांवर गेली आणि १९१० च्या सुमारास त्यांच्यावर कडक बंधने आली. पुढे ते पुन्हा फुलले, त्यांत मुलीही गाऊ लागल्या, आणि मेळे बघायला आयाबहिणी उघडपणे बाहेर पडू लागल्या. रात्री दहा-अकराला पेठेच्या रस्त्यावर बायका-मुले निर्धास्त दिसणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांची गणेशोत्सवातली आजची वाट मेळ्यांनी पाडलेली आहे, याची आठवण ठेवायला हवी.

मग वीज आली. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकांत पुण्याच्या पेठांतही तारा पोचल्या. ज्या घरांत अजून कंदील होते त्या घरांतली माणसे मांडवातला विजेचा झगमगाट पाहायला जात. रंगीत दिव्यांची माळ, मूर्तीमागे फिरणारे चक्र, कमानीवर पेटत-विझत जाणारी अक्षरे एवढ्यावरही गर्दी लोटे. गणपती आता चौकातून दाराशी आणि दारातून रस्त्यावर येऊ लागला, कारण रोषणाई दिसायची तर ती रस्त्यावरून दिसली पाहिजे. वाड्याचा चौक शंभर माणसांचा. रस्त्यावरून मात्र गाव जाते. १८८६ मध्ये उभी राहिलेली आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी मंडईची इमारत, तिच्या भोवतीचा मोकळा पट्टा, शिवाजी रस्ता, बाजीराव रस्ता आणि लक्ष्मी रस्ता हा सगळा भाग अशा रीतीने उत्सवाचा मध्य बनला.

स्वातंत्र्यानंतर मेळ्यांचा जोर ओसरला. पूर्वीचे राजकीय प्रयोजन सरले होते, आणि गाण्याची तहान भागवायला सिनेमा, ग्रामोफोन व रेडिओ आले होते. मोकळी झालेली ही जागा देखाव्याने घेतली. आरंभी देखावा म्हणजे पुठ्ठा, कापड, बांबू, प्लॅस्टर आणि रंग यांतून उभा केलेला स्थिर प्रसंग: समुद्रमंथन, गंगावतरण, शिवराज्याभिषेक. त्याला लवकरच गती मिळाली. हलत्या देखाव्याचे यंत्र समजायला सोपे आहे. चबुतऱ्याखाली एक विजेची मोटर असते. पट्टा आणि कप्प्या लावून तिचा वेग कमी करतात. चाकावर मध्यापासून बाजूला बसवलेल्या खिळ्याला दांडी जोडली की गोल फिरणे पुढे-मागे होण्यात बदलते आणि ती दांडी बाहुल्याच्या कोपराला, मानेला किंवा जबड्याला नेऊन बांधतात. भीमाची गदा उठते-पडते, कुंभकर्णाचे पोट वर-खाली होते, कालियाचा फणा डोलतो. हे करणारे कारागीर बहुधा सुतार, वायरमन, गॅरेजमधले मिस्त्री आणि मूर्तिकार असत, आणि पुष्कळदा मंडळाचेच कार्यकर्ते.

या कलेला शिस्त आणि दर्जा देणाऱ्यांत शिल्पकार डी. एस. खटावकर यांचे नाव पहिल्या रांगेत येते. अभिनव कला महाविद्यालयाशी त्यांचे नाते होते आणि तुळशीबाग मंडळाची सजावट त्यांनी अनेक वर्षे केली. मंडळाची फायबरची मूर्तीही त्यांनीच घडवली. मोठ्या सार्वजनिक मूर्तीसाठी हे माध्यम वापरणाऱ्यांत तुळशीबाग अग्रेसर होते. फायबरमुळे तेरा फुटांची मूर्ती हलकी आणि टिकाऊ झाली. तुळशीबागेचा मांडव अरुंद गल्लीबोळांच्या बाजारात, त्यामुळे तिथल्या सजावटीला उंची मिळते पण खोली मिळत नाही. महाल, मंदिरे, सिंहासने यांचे बारीक नक्षीकाम जवळून पाहण्याजोगे करावे लागते. खटावकरांचे काम त्यांचे पुत्र विवेक खटावकर यांनी पुढे चालवले आहे. वर्षातले दहा दिवस टिकणाऱ्या कामावर प्रशिक्षित शिल्पकाराने आयुष्य वेचावे, ही पुण्याच्या कलाजीवनातली मोठी गोष्ट आहे आणि कलेच्या इतिहासात तिची नोंद व्हायला हवी तितकी झालेली नाही.

रोषणाईची वाट थोडी वेगळी. तिच्यात कथा नसते. गाण्याच्या ठेक्यावर दिवे नाचतात. इलेक्ट्रॉनिक सर्किटे सुलभ होण्याआधी भारतात सगळीकडे अशा रोषणाईसाठी फिरता रूळ वापरत. लाकडी रुळावर धातूच्या पट्ट्या ठरावीक आकारात ठोकलेल्या असतात, रूळ फिरला की पट्ट्या एकेका तारेला स्पर्श करतात आणि त्या त्या तारेवरचे दिवे लागतात. पट्ट्यांची मांडणी बदलली की कमळ उमलते, कारंजे उडते, मोर पिसारा फुलवतो. बंगालमधले चंदननगर जगद्धात्री पूजेच्या अशाच रोषणाईमुळे देशभर ओळखले गेले. पुण्यात नातूबाग मंडळाने संगीताच्या तालावरच्या रोषणाईत नाव मिळवले. शनिपाराच्या बाजूला वळलेली कुटुंबे नातूबागेचे ‘लायटिंग’ पाहिल्याशिवाय परतत नसत. उंच कमान, हजारो दिवे, लोकप्रिय गाण्यांची ध्वनिफीत आणि समोर रस्ताभर मान वर करून उभी माणसे, वडिलांच्या खांद्यावर मुले. एलईडी दिव्यांनी विजेचा वापर आणि तारांचे तापणे कमी केले, रंग मात्र इतके सोपे केले की जुन्या रोषणाईतला हाताचा ठसा आता क्वचितच दिसतो.

देखाव्यांचा तिसरा प्रकार जिवंत देखाव्यांचा. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत तो बहरला. मांडवात छोटा रंगमंच उभा करायचा, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादांवर कार्यकर्त्यांनी आणि पेठेतल्या मुलामुलींनी ओठ हलवत अभिनय करायचा, आणि हाच प्रयोग रात्रीतून पंधरा-वीस वेळा करायचा. अफझलखानाचा वध, आग्र्याहून सुटका, तानाजी मालुसरे आणि सिंहगड हे हमखास विषय. त्यांच्या बरोबरीने हुंडाबळी, स्त्रीभ्रूणहत्या, व्यसनमुक्ती, पाण्याची टंचाई, शेतकऱ्यांच्या आत्महत्या असे विषय आले. प्रयोगांची घडण बारकाईने पाहिली तर तिच्यावर फेरीला निघालेल्या कुटुंबाची छाप दिसते. प्रयोग पाच ते दहा मिनिटांचा, कारण त्याहून जास्त वेळ लहान मूल कडेवर घेऊन उभे राहता येत नाही. संवाद ठसठशीत आणि निवेदन स्पष्ट, कारण मागच्या रांगेतल्या आजीला रंगमंच दिसत नाही. शेवट आरतीने किंवा घोषणेने, म्हणजे संपल्याचे कळते, गर्दी पुढे सरकते आणि दुसरी आत येते. व्याख्यानाच्या काळात श्रोत्याने वक्त्याच्या सवडीने बसायचे होते. देखाव्याने प्रेक्षकाच्या पायांचे गणित पाळले. मंडळांनी फेरी घडवली हे खरे, तसे फेरीनेही मंडळांना घडवले.

फेरीचे मार्ग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. कोथरूड, कर्वेनगरकडून येणारे डेक्कनला उतरून लकडी पुलावरून अलका टॉकीज चौकात येतात आणि लक्ष्मी रस्त्याला किंवा टिळक रस्त्याला लागतात. स्वारगेटकडचे लोक बाजीराव किंवा शिवाजी रस्ता धरतात. शिवाजीनगरकडचे नदी ओलांडून शनिवारवाड्यापाशी, मग कसबा पेठेत. मधला गाभा सगळ्यांचा एकच: कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, दगडूशेठ, बाबू गेनू, मंडई, तुळशीबाग, मग सवड आणि पाय असतील तसे छत्रपती राजाराम मंडळ, खजिना विहीर, नातूबाग, हत्ती गणपती. संध्याकाळी पोलीस मुख्य रस्ते वाहनांना बंद करतात, आणि एरवी ज्या रस्त्यांवर चालायला जागा मिळत नाही ते रस्ते दहा रात्री पायी माणसांचे होतात. पुण्याला या उत्सवाने दिलेल्या गोष्टींत ही मोठी आहे. मुळशी, मावळ, पुरंदर, हवेली या तालुक्यांतून टेंपो आणि एसटीने गावकरी येतात, आणि पीएमपीच्या जादा गाड्या रात्री उशिरापर्यंत सुटतात.

या चालण्याभोवती एक बाजार वसला आहे. मीठ-लिंबू चोळलेले भाजके कणीस, भेळ, वडापाव, मुलांच्या हातात पिपाण्या, मुखवटे, चमकणारी शिंगे, फुगे. मध्यरात्री अमृततुल्यांत चहाला जागा नसते. मुलाच्या खिशात पत्ता आणि अलीकडे फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालणे ही सावध आयांची रीत. हरवलेल्या मुलाचे नाव, शर्टाचा रंग आणि ‘त्याची आई मंडईच्या पोलीस मदत केंद्रापाशी वाट पाहत आहे’ असे ध्वनिक्षेपकावरून पुकारणे हा या रात्रींचा कायमचा आवाज आहे. गर्दीत बायका-मुलींना होणारा त्रासही या फेरीचा जुना भाग आहे. साध्या वेशातले पोलीस, महिला पथके आणि मंडळांचे स्वयंसेवक त्यासाठी नेमले जातात, तरी पुष्कळ कुटुंबे अजूनही मुलींना मधे घेऊन साखळी करूनच चालतात.

सगळ्यांत मोठी रोषणाई मात्र अनंत चतुर्दशीच्या रात्री चालत्या रथांवर असते. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून मिरवणूक सुरू होते, मानाचे पाच गणपती दिवसा पुढे जातात, आणि विद्युत रोषणाई केलेल्या रथांची मंडळे रात्री लक्ष्मी रस्त्यावर येतात. त्यांच्यासाठी लोक संध्याकाळीच जागा धरून बसत. दगडूशेठचा रथ पहाटे पाहायचा आणि मग घरी जायचे, असे कित्येक घरांचे वर्षांनुवर्षे चालत आले. २०२३ मध्ये या मंडळाने मिरवणुकीत दुपारीच सामील व्हायचे ठरवले. त्यामुळे मिरवणूक थोडी सुटसुटीत झाली, आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना रथ जागरणाशिवाय दिसला.

दगडूशेठ मंडळाने एकूण देखाव्यांचे वळणच बदलले. तात्यासाहेब गोडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात या मंडळाचा मोठा विस्तार झाला, आणि देशातल्या प्रसिद्ध किंवा कल्पित मंदिरांच्या भव्य प्रतिकृती ही त्याची ओळख ठरली. २०१८ मध्ये तंजावरच्या धर्तीवर राजराजेश्वर मंदिर, २०२२ मध्ये पंचकेदार, २०२३ मध्ये अयोध्येचे राममंदिर, २०२४ मध्ये हिमाचलमधले जटोली शिवमंदिर, २०२५ मध्ये केरळचे पद्मनाभस्वामी मंदिर. विवेक खटावकरांची रचना, वाईकर बंधूंची विद्युत रोषणाई आणि काळे मांडववाल्यांचा मांडव ही नावे या कामांशी जोडलेली आहेत. इतर मोठी मंडळेही महाल आणि मंदिरांकडे वळली. ही कामे कौशल्याची आहेत यात शंका नाही. पण मंदिरात गोष्ट नसते. हलत्या आणि जिवंत देखाव्यापुढे कुटुंब थांबे, मुले प्रश्न विचारत, आजोबा पुढची कथा सांगत. प्रतिकृतीपुढे फोन वर जातात आणि रांग पुढे सरकते. वर्गणीपेक्षा जाहिरातदारांवर वाढलेले अवलंबन आणि रात्रभर अभिनय करायला मुले न मिळणे ही या बदलामागची कारणे आहेत. कायद्याचाही त्यात वाटा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले आणि वर्षातले मोजकेच दिवस बारापर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला ठेवली. ज्या देखाव्याचा प्राण निवेदनात आहे त्याला ही वेळ जाचते. मुक्या रोषणाईला नाही. नियम आजाऱ्यांसाठी आणि झोपेसाठी आवश्यकच होता. पेठेतल्या छोट्या मंडळांनी मात्र त्याची झळ सर्वाधिक सोसली आणि तरीही काहींनी जिवंत देखावे सोडले नाहीत.

पुण्यात दिव्यांसाठी घराबाहेर पडण्याचा आणखी एक मोसम आहे, डिसेंबरचा. नाना पेठेतले सिटी चर्च सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर उभे राहिले, आणि १८१८ नंतर लष्कर, म्हणजे आजचा कॅम्प, वसले तशी सेंट मेरी, सेंट पॅट्रिक ही चर्च आली. गुरुवार पेठेतले पंचहौदचे चर्च १८८५ चे. ते पेठेच्या आत आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या वस्तीत असल्यामुळे तिथल्या नाताळचा बाज मराठी आहे. घरांवर टांगलेले चांदणीचे आकाशकंदील, चर्चच्या अंगणात मांडलेली गव्हाणी, महात्मा गांधी रस्त्यावरच्या आणि ईस्ट स्ट्रीटवरच्या दुकानांची रोषणाई पाहायला २४ आणि २५ डिसेंबरला सर्व धर्मांची कुटुंबे कॅम्पात लोटतात. मुलांना लाल टोपी, केकचा तुकडा आणि पायी फेरी. पेठांतून आलेल्या माणसांना ही फेरी शिकवावी लागली नाही. फरक असलाच तर तो मालकीचा. कॅम्पातली रोषणाई मुख्यतः दुकानांची आणि चर्चची असते. पेठेतली शेजाऱ्यांनी वर्गणी काढून केलेली.

एकविसाव्या शतकात साथींनी गणपतींची फेरी दोनदा अडवली. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि तीनच आठवड्यांनी गणेश चतुर्थी आली. बंदी नव्हती, पण रस्ते विरळ होते आणि आलेल्यांच्या तोंडावर रुमाल होते. २०२० मध्ये करोनामुळे मंडळांनी मांडव न घालता मंदिरांत किंवा छोट्या जागेत प्रतिष्ठापना केली, दर्शन ऑनलाइन ठेवले, आणि विसर्जनाची मिरवणूक निघाली नाही. २०२१ मध्येही निर्बंध राहिले. २०२२ मध्ये ते उठले तेव्हा पहिल्या दिवसापासूनच पेठा भरल्या. दोन वर्षांच्या खंडात चालायला शिकलेली मुले त्या वर्षी पहिल्यांदा देखावे पाहायला आली.

शहर मधल्या काळात पेठांपासून फार दूर पसरले आहे. हडपसर, सिंहगड रस्ता, बाणेर, पिंपरी-चिंचवड इथल्या सोसायट्यांचे स्वतःचे गणपती आहेत, तिथे स्पर्धा आणि जेवणावळी होतात; तरी एक रात्र ‘गावात’ जाण्यासाठी राखली जाते. पेठांत जन्मून उपनगरांत गेलेल्यांच्या घरी ही रात्र माहेरपणासारखी असते. वाहन लांब जंगली महाराज रस्त्यावर किंवा नदीपात्रात लावून चालत येणे हा पूर्वीचा मार्ग होता. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला, आणि २०२५ चा गणेशोत्सव हा त्याचा पहिला उत्सव ठरला. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके थेट देखाव्यांच्या गाभ्यात उघडतात. गाड्या रात्री उशिरापर्यंत सोडण्यात आल्या, मंडई स्थानकावरची गर्दी आवरण्यासाठी व्यवस्था करावी लागली, आणि पिंपरी किंवा वनाजहून निघालेली कुटुंबे जमिनीखालून मंडईत येऊन शारदा-गजाननापासून फेरी सुरू करू लागली.